एक टिंब एक टिंब एक टिंब एक

दाजींच्या राउटरचा नंबर एक होता. नुसता एक नव्हे. या नंबरांची लिहायची रीतच अशी, की चार आकडे आणि मध्ये तीन टिंबं. म्हणून एक टिंब एक टिंब एक टिंब एक. एकदा पहिलं येऊन ज्याचं भागत नाही, अशा माणसाची यापेक्षा चांगली सोय कुणी केली नसती. नऊ वर्षांपूर्वी दाजींनी तो नंबर स्वतःच्या हातांनी टाइप केला होता, आणि तेव्हापासून नदीच्या अलीकडची चष्म्यांची चौदा दुकानं त्या एकाच्या छत्राखाली सुखाने नांदत होती.

त्यांना दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकाच माणसाला होता, बायकोच्या धाकट्या भावाला. पण तो फोनवर इतक्या खणखणीत आवाजात "दाजीऽ" म्हणायचा, की शेजारच्या टेबलावरचेही दचकून बघायचे. पुढे ऑफिसनेच ते नाव उचललं. आता शिपायापासून मालकीणबाईंपर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणत, आणि "एवढ्या लोकांच्या बहिणी मी कशा सांभाळू?" हा विनोद दाजी वर्षातून दोनदा करत. त्यातल्या एकदा लोक हसत.

मेहुणाही याच धंद्यात होता, पण नदीपलीकडे. तिकडे चष्म्यांची दुसरी कंपनी, तिचीही चौदा दुकानं, तिचंही नेटवर्क आणि त्यावर हा. दोन्ही कंपन्यांमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य असल्यामुळे घरी जेवताना चष्म्याचा विषय काढायचा नाही, असा ताईचा नियम होता. ताई म्हणजे दाजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण आणि अलीकडच्या कंपनीतल्या तक्रार विभागाची प्रमुख. या तिन्ही जागी तिला करावं लागणारं काम साधारण एकच होतं.

मग मालकीणबाईंनी पलीकडची कंपनी विकत घेतली. 'विकत घेतली' म्हणायचं नाही, 'एकत्र आलो' म्हणायचं, असं परिपत्रक निघालं. पुलाच्या तोंडाशी भिंगं घासायचा कारखाना होता, तो आता दोघांचा झाला. तिथे मधला राउटर बसला. एक केबल अलीकडे गेली, एक पलीकडे. सोमवारी सकाळी नऊ वाजता मालकीणबाईंनी केबलचं शेवटचं टोक खोचलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. नऊ वाजून सात मिनिटांनी पहिलं दुकान गायब झालं.

गायब म्हणजे दुकान जागेवरच होतं, माणसं आत होती, आरसे पुसले जात होते. फक्त नेटवर्कच्या लेखी ते उरलं नव्हतं. मिनिटभराने ते परत आलं आणि दुसरी चार गेली. ती आली, तर सात गेली. दुपारपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दुकानांनी हजेरी आणि दांडी यांचा असा काही घोळ घातला, की दाजींच्या स्क्रीनवरचे हिरवे-लाल ठिपके बघून शिपायाने विचारलं, "दाजी, हा खेळ ऑफिसच्या वेळात चालतो?"

कारखान्यात तर कहरच. दुकानातून प्रत्येक डोळ्याची चिठ्ठी वेगळी निघायची, आधी डाव्या, मग उजव्या. नेटवर्क मधेच गळून पडत असल्यामुळे डाव्या डोळ्याची चिठ्ठी पोचायची आणि उजवा डोळा वाटेतच राहायचा. भिंगवाले काका आज्ञाधारक माणूस. चिठ्ठी आली की घासायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर एकसष्ट डावी भिंगं तयार होती.

"गावात एवढे लोक एका बाजूने आंधळे झाले," काका म्हणाले, "आणि कुणी काही बोललं कसं नाही?"

रोग काय आहे हे दाजींना सोमवारी नऊ वाजून अकरा मिनिटांनीच कळलं होतं. राउटर एकमेकांना सारख्या वार्ता पाठवत असतात. 'मी अमुक नंबर, माझ्याकडून या या दुकानांकडे वाट आहे.' बाकीचे ते टिपून घेतात आणि त्या वाटेने माल धाडतात. नंबर ही त्यांच्यातली ओळख. चेहरा बघायची पद्धत नाही. आता मेहुण्याच्या राउटरचाही नंबर एक टिंब एक टिंब एक टिंब एक असला, तर काय होणार? मधल्या राउटरला निरोप यायचा, 'मी एक, माझ्याकडे अलीकडची चौदा.' तो टिपायचा. लगेच दुसरा निरोप, 'मी एक, माझ्याकडे पलीकडची चौदा.' तो आधीचं खोडून नवं टिपायचा. मग हे खोडलेलं पहिल्या एकाच्या कानावर जायचं. माझ्या नावावर हे कोण बोललं? तो चवताळून पुन्हा सांगायचा, आणि या वेळी 'ही ताजी खबर' असा शिक्का मारून. त्यावर दुसरा त्याहून ताजा शिक्का मारून. अशी ही भांडणं मिनिटाला दहा-वीस वेळा होत होती, आणि दोन्ही राउटर आपापल्या जागी शंभर टक्के खरं बोलत होते.

मेहुण्यालाही हे नऊ-अकरालाच कळलं होतं. त्यानेही फोन केला नाही. कारण फोन केला, की पुढचं वाक्य 'मग तू बदल' हेच येणार, आणि ते आपण ऐकण्याऐवजी दुसऱ्याने ऐकावं, असं दोघांनाही वाटत होतं.

शेवटी मंगळवारी दाजींनीच फोन उचलला.

"काय मेहुणे, कसं काय?"

"दाजीऽ! मजेत. तुमच्याकडे काही गडबड?"

"छे. तुमच्याकडे?"

"काही नाही बुवा."

दाजींनी पंखा एका नंबराने कमी केला.

"तुझा नंबर काय रे?" दाजींनी अगदी सहज विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच दिलात की!"

हे मात्र खरं होतं, आणि दाजींची खरी पंचाईत इथेच होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मेहुणा नवा नवा नोकरीला लागला. राउटर कसा लावतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दाजी तेव्हा ताज्या जावईपणाच्या भरात होते. त्यांनी आपल्या राउटरची सगळी मांडणी, म्हणजे सेटिंग्ज, एका फाइलमध्ये घालून त्याला भेट दिली. "हे घे. पत्ते तेवढे बदल, बाकी सोनं आहे." मेहुण्याने पत्ते बदलले. बाकीचं सोनं आहे तसं ठेवलं.

"अरे, पण तो नंबर माझा होता," दाजी म्हणाले.

"दिलेली वस्तू परत मागतात का दाजी?"

"मी फाइल दिली, नंबर नाही!"

"नंबर फाइलमध्येच होता. मी काय चिमट्याने काढून परत पाठवायचा होता?"

"हे बघ, आम्ही तुम्हाला विकत घेतलंय."

"परिपत्रक वाचा. एकत्र आलो."

नुसत्या अहंकाराचा प्रश्न असता तर एव्हाना मिटलाही असता. पण बुधवारी मालकीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं आणि त्या एकाच्या मागे पगार उभा केला. मालकीणबाई थोडं बोलणाऱ्या. समोर नेटवर्क सांभाळणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीचा करार पडला होता, कोरा, सहीपुरता.

"शुक्रवारी पाच वाजता मी सगळ्यात लांबच्या दुकानात जाऊन माझा स्वतःचा चष्मा सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांची चिठ्ठी कारखान्यात पोचली, तर नेटवर्क तुमच्याकडे राहील. मग तुमच्यातला एक जण दोन्हीकडचा प्रमुख. नाही पोचली, तर साडेपाचला यावर सही. मग प्रमुखही नको आणि दुय्यमही नको."

दाजींना प्रमुख व्हायचं होतं. ते कुणाला बोलून दाखवत नसत. फक्त 'संयुक्त नेटवर्क प्रमुख' ही सही वहीच्या मागच्या पानावर कशी दिसते, हे त्यांनी चार वेगवेगळ्या पेनांनी करून बघितलं होतं. आणि जो आपल्या हाताने एक सोडून दोन होईल, त्याला प्रमुख कोण करणार? ताकदीचा असता तर दुसऱ्याला हलवला नसता का? असा त्यांचा हिशेब होता. मेहुण्याचाही अक्षर न अक्षर हाच होता. शेवटी मांडणी एकाच फाइलमधली.

बुधवारी संध्याकाळी जेवताना ताईने स्वतःचाच नियम मोडला.

"आज एकशे नव्वद फोन. एका आजोबांनी विचारलं, माझा उजवा डोळा कधी येणार. मी काय सांगू?"

"सांग की वाटेत आहे," दाजी म्हणाले.

"अहो, तुम्ही दोघं मिळून एक आकडा बदलू शकत नाही? एक!"

"बदलणं सोपं आहे गं. पण नुसतं बदलून चालत नाही. राउटरला नवा नंबर सांगितला तरी तो जुन्यालाच धरून बसतो. त्याचं ते वार्तांचं सगळं कामकाज एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं, की मगच नवं नाव घेतो. तेवढा वेळ चौदा दुकानं आंधळी."

"किती वेळ?"

"मिनिटभर."

"आत्ता तीन दिवस आहेत!" ताई म्हणाली आणि वरणाची वाटी त्यांच्यापासून थोडी लांब सरकवली.

गुरुवारी सकाळी दाजींना त्यातूनच कल्पना सुचली. इतकी सुंदर कल्पना, की त्यांना खुर्चीत बसवेना. नंबर बदलायचा, आणि बदलायचाही नाही! मांडणीत दोन टिंब दोन टिंब दोन टिंब दोन असं लिहायचं, पण कामकाज पुन्हा सुरू करायचं नाही. कागदावर आपण दोन. जगात आपण एक. त्यागाचा पुरावा हातात, आणि त्याग केलेली वस्तूही हातातच. तोवर मेहुणा कंटाळून खरोखर बदलणार, नेटवर्क स्थिर होणार, आणि मग आपण ती ओळ हळूच खोडायची.

त्यांनी नवा नंबर टाइप केला. राउटरने सरळपणे कळवलं, की कामकाज पुन्हा सुरू केल्याशिवाय हे लागू होणार नाही. दाजींनी चाचपून बघण्यापुरती पुढची आज्ञाही टाइप केली. त्यावर राउटर विचारतो, 'सगळं कामकाज पुन्हा सुरू करू?' आणि बाजूला कंसात स्वतःच उत्तर सुचवतो, 'नाही'. यंत्र असूनही त्याला एवढी समज होती. दाजींनी त्याचा सल्ला मानला.

मग ते तक्रार विभागात गेले, आणि ताईच्या टेबलाशी वाकून मोबाइलमधला फोटो दाखवला.

"बघ. एक सोडला."

ताईने चष्मा वर करून बघितलं. "खरंच? अहो!" तिचे डोळे चमकले. नवऱ्याने नऊ वर्षांत एवढं मोठं काही सोडल्याचं तिला आठवत नव्हतं.

"त्याला सांगू नकोस. लहान आहे, ओशाळेल."

"नाही सांगणार."

दाजी परत निघाले ते शीळ घालत. आणि ते जिना उतरतात न उतरतात तोच ताईच्या फोनवर मेहुण्याचा फोटो आला. 'ताई, एक सोडला. दाजींना सांगू नकोस, वयस्कर आहेत, लाजतील.'

ताईने दोन्ही गुपितं पोटात ठेवली. एवढी समजूतदार माणसं आपल्या घरात आहेत, या आनंदात तिने त्या दिवशी एकसष्ट डाव्या डोळ्यांची समजूत घातली. कुणी काय सोडलं ते तिने बघितलं. त्या जागी काय घेतलं, ते बघायचं काही तिला सुचलं नाही.

शुक्रवारी चार वाजता ठिपके अजूनही लाल-हिरवे नाचत होते.

दाजी लॅपटॉप काखेत मारून कारखान्यात पोचले, तर मेहुणा आधीच तिथे, त्याच्याही काखेत लॅपटॉप. धूळ नको म्हणून तिथे बाहेर बूट काढून निळ्या रबरी सपाता घालायच्या असतात. दोघं सपाता फटफट वाजवत आत गेले आणि मधल्या राउटरच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसले. आपापल्या राउटरला दोघांनी लॅपटॉपवरून जोडून घेतलं. काका एकशे सव्विसावं डावं भिंग पुसत होते.

साडेचारला ताई धापा टाकत आली.

"अजून तसंच? दोघांनी एक सोडलाय ना!"

दोन्ही स्टुलं करकरली.

"यानेही?" दाजी म्हणाले.

"यांनीही?" मेहुणा म्हणाला.

"हो, दोघांनी! फोटो आहेत माझ्याकडे!"

यावर काकांनी फडकं खाली ठेवलं. नेटवर्कमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण माझं घासायचं यंत्र अडलं की मी एक करतो, म्हणाले, आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "बंद करून चालू केलंय का?"

दाजींनी छताकडे बघितलं. मेहुण्याने सपातांकडे.

ताईने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे. हे तोंड तिला ओळखीचं होतं. भाऊ सहा वर्षांचा असल्यापासून आणि नवरा लग्नाच्या दिवसापासून.

"म्हणजे नुसतं लिहून ठेवलंत," ती म्हणाली. "दोघांनी. फोटो काढायला."

"मी करणारच होतो, योग्य वेळ बघून..."

"ताई, दाजी आधी करतील असं मला..."

"गप्प." ताईने पदर खोचला, म्हणजे पदर नव्हता, ओढणी होती, ती खोचली. "दोघांनी हात ठेवा. मी तीन म्हटलं की दाबा. आणि जो मागे राहील त्याला मी या घासायच्या यंत्रात घालीन. काका, चालेल ना?"

"डावीकडून घाला," काका म्हणाले. "सवय झालीय त्याला."

"एक... दोन... तीन!"

राउटरने विचारलं, 'सगळं कामकाज पुन्हा सुरू करू?' कंसात नेहमीचा सल्ला होता. दाजींनी डोळे मिटले आणि 'हो' टाइप केलं. समोर मेहुण्यानेही. अठ्ठावीस ठिपके एकदम लाल झाले. गेला एक. नऊ वर्षांचा एक! वीस सेकंद. तीस. मग एक ठिपका हिरवा झाला, दुसरा झाला, पाच झाले, अकरा झाले. ताईने टाळी वाजवायला हात उचलले. आणि सात लाल झाले. ते हिरवे झाले, तर दुसरे नऊ लाल.

"हे काय?" ताईचे हात तसेच हवेत.

मधल्या राउटरच्या पडद्यावर एकामागून एक ओळी पडत होत्या. एकाच नंबराने दोन जण बोलत असल्याची त्याची तक्रार होती. दाजींनी नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग मान अतिशय हळू वर केली.

"तू... कुठला घेतलास रे?"

"दोन. दोन टिंब दोन टिंब दोन टिंब दोन." मेहुणा म्हणाला. "तुम्ही?"

दाजींनी आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्यावरही तेच चार दोन होते.

पहिल्यांदा ताईला काहीतरी झालं. आधी तिला ठसका लागल्यासारखा आवाज आला, मग ती काकांच्या टेबलाला धरून खाली बसत गेली, आणि मग कारखाना तिच्या हसण्याने भरून गेला. भिंगांचे ट्रे खुळखुळायला लागले. मेहुण्याने ओठ दाबून धरले, पण ते त्याला एक मिनिटही धरवले नाहीत. दाजी गंभीर होते. ते घड्याळाकडे बघत होते. चार वाजून एकोणपन्नास. नोकरी चालली होती, प्रमुखपद चाललं होतं, साडेपाचला सही होती, आणि त्यांच्या बरगड्यांच्या खालून काहीतरी गुदगुल्या करत वर येत होतं. ते वर आलं. दाजी स्टुलावरून जवळजवळ पडले.

"अहो, एकूण नंबर तरी किती असतात?" ताईने डोळे पुसत विचारलं.

"चारशे एकोणतीस कोटी," मेहुणा कसाबसा म्हणाला.

"किती?"

"चारशे... एकोणतीस... कोटी!"

"आणि त्यातला तुम्हाला दोघांना एकच हवा! तो सोडलात, तर सोडून पण एकच!"

आता काकाही हसत होते, पण आवाज न करता. ते फक्त आकाराने लहान-मोठे होत होते.

"पाचला अकरा कमी!" ताई ओरडली आणि उठली. तिने काकांच्या मांडणीवरून हाताला लागतील ते दोन ट्रे ओढले. ट्रेवर नंबर चिकटवलेले होते. एक नवऱ्याच्या मांडीवर आदळला, एक भावाच्या. "तुम्ही चौदा. तू सदतीस. चार वेळा, टिंबं घालून. बोलायचं नाही."

"चौदा आधी येतो," मेहुणा बोललाच. "म्हणजे दाजी वर?"

"वर कसला? राउटर आपल्यातला म्होरक्या निवडतात तेव्हा मोठा नंबर जिंकतो," दाजींनी तत्परतेने तक्रार नोंदवली. "म्हणजे हाच..."

"काका," ताई म्हणाली, "यंत्र चालू करा."

दोघांचे हात कीबोर्डवर पडले. चौदा टिंब चौदा टिंब चौदा टिंब चौदा. दाजींनी एक टिंब जास्त टाकलं, राउटरने ते नाकारलं, त्यांनी पुन्हा टाइप केलं. हसू अजून आत उकळत होतं आणि ते अक्षरांवर सांडत होतं. सगळं कामकाज पुन्हा सुरू करू? 'हो' च्या जागी त्यांनी जे टाइप केलं ते कुठल्याही भाषेत नव्हतं. मेहुणा पलीकडून ओरडला, "दाजी, माझं झालं! लवकर, लवकर!" आणि हे तो इतक्या कळकळीने म्हणाला, की दाजींना एकदम त्याचा लळाच लागला. त्यांनी खोडलं, 'हो' लिहिलं, दाबलं.

सगळे ठिपके लाल.

चार वाजून छप्पन्न. दाजी उभे होते. ते कधी उभे राहिले त्यांनाच माहीत नव्हतं. मेहुणा त्यांच्या शेजारी येऊन उभा होता, आणि त्याने दाजींचा शर्ट मुठीत धरला होता.

एक ठिपका हिरवा झाला.

"नदीकाठचं!" मेहुणा म्हणाला.

"बाजारातलं!" दाजी म्हणाले. "शाळेजवळचं! ते कोपऱ्यावरचं!"

"तुमचं वरच्या गल्लीतलं आलं! माझं दवाखान्याजवळचं!"

"सतरा! अठरा!"

"लाल होतंय का? बघा, लाल होतंय का?"

"नाही! एकवीस!"

दोघं मोठमोठ्याने दुकानांची नावं घेत होते, आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं याचं भानच नव्हतं. दाजी पलीकडच्या दुकानांनाही नाचून सलामी देत होते, रबरी सपाता फरशीवर चपचप वाजत होत्या, आणि ताई बोटांवर मोजता मोजता बोटं संपली म्हणून काकांची बोटं वापरत होती. सत्तावीस. सत्तावीसच. सगळ्यात लांबचं दुकान लाल होतं. तिथेच मालकीणबाई.

पाचला एक मिनिट.

"त्याला जास्त लांबून यायचंय," मेहुणा पुटपुटला.

"वीजच ती, चालत येते काय?"

हिरवा.

सगळे चिठ्ठ्यांच्या छोट्या प्रिंटरकडे वळले. पाच वाजले. प्रिंटर खरखरला, थांबला, आणि त्याने एक चिठ्ठी बाहेर टाकली. काकांनी ती डोळ्यांशी धरली.

"मालकीणबाई," त्यांनी वाचलं. "डावा."

पाच वाजून काही सेकंद. डावा डोळा एकटाच टेबलावर पडला होता. दाजींना बाहेरच्या कंपनीचा तो कोरा करार दिसला, साडेपाचची सही दिसली, वहीच्या मागचं पान दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या पानाचं काही वाटलं नाही. मेहुण्याची मूठ शर्टावर आहे एवढंच जाणवलं. प्रिंटर पुन्हा खरखरला.

"उजवा!" काका ओरडले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच ओरडले, आणि ती चिठ्ठी डोक्यावर धरून त्यांनी यंत्राभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

दहा मिनिटांनी दाजींचा फोन वाजला. तोवर ताईने भावाच्या पाठीत तीन धपाटे घातले होते आणि नवऱ्याच्या दोन. मेहुणा स्टुलावर उलटा बसून गात होता. आणि यंत्रावर मालकीणबाईंची दोन्ही भिंगं एकसारखी गुणगुणत होती.

"पोचल्या?" मालकीणबाईंनी विचारलं. दाजींनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"दोन्ही डोळे पोचले, बाई. घासायला लागलेत."

"बरं. म्हणजे बाहेरच्यांना नको म्हणून कळवते." कागद फाटल्याचा आवाज आला, किंवा तसा भास झाला. "आता प्रमुख कोण, ते तुम्हीच सांगा. दारावर पाटी लावायचीय. पाटीवर एकच नाव मावतं."

दाजींनी तोंड उघडलं. या वाक्यासाठी त्यांनी काय काय तयारी केली होती! नऊ वर्षांचा अनुभव, मूळ मांडणी आपली, फाइल आपली; सगळं क्रमाने पाठ होतं. पण तोंडात अजून हसू भरलेलं होतं आणि त्यात ते सापडेना.

"मेहुणा," ते म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण म्हटलं. ठीक आहे. आता तो 'छे छे, दाजी, तुम्ही' म्हणेल. मग आपण 'नाही रे, तूच' म्हणायचं. मग तो पुन्हा. तिसऱ्या खेपेला, ताईकडे बघून, नाइलाज झाल्यासारखं...

"बरं," मेहुणा म्हणाला.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ताईने नवऱ्याकडे बघितलं. मेहुण्याचे कान लाल झाले होते; आपण एवढ्या झटकन हो म्हणालो याचं त्यालाही नवल वाटत असावं. दाजी वाट बघत उभे राहिले. आता वाईट वाटेल, असं त्यांना वाटत होतं. निदान रागाने कानशिलं तरी तापतील. त्यांनी पडद्याकडे बघितलं. अठ्ठावीस हिरवे ठिपके, त्यात चौदा टिंब चौदा टिंब चौदा टिंब चौदा आपला मुकाट्याने वार्ता पाठवत होता आणि कुणीही त्याचं खोडत नव्हतं. वाईट काही वाटेना. उलट त्यांना पुन्हा हसू फुटलं, आणि आता ते आवरायचं कारणही उरलं नव्हतं.

"साहेब," ते मेहुण्याला म्हणाले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. "पहिला हुकूम?"

मेहुणा उभा राहिला. त्याने गळा खाकरला, प्रमुखाला शोभेलसा चेहरा करून बघितला. तो काही टिकेना.

"दाजी," तो म्हणाला, "चहा सांगा ना. सगळ्यांना. आणि काकांना दोन."

दाजी निघाले. कारखान्याचा जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला, पुलावरच्या टपरीपर्यंत जवळजवळ पळत गेले, आणि चहावाल्याने त्यांच्या पायांकडे बघून "साहेब, हे काय?" असं विचारेपर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नाही, की बूट कारखान्यातच राहिलेत आणि ते निळ्या रबरी सपातांवर भर रस्त्यात उभे राहून एकटेच हसतायत.